इंजिनाचा पिवळा दिवा आणि गाडीची थरथर



गळीत हंगाम तोंडावर आला की आपण ट्रॅक्टर-ट्रॉलीची डागडुजी करतो. पण घरची पेट्रोल चारचाकी मात्र बंद पडेपर्यंत तशीच दामटतो. आमचेही तसेच झाले. समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि गाडी उभी असली की थरथरू लागली. रेस दिली की मात्र ठीक चाले. गॅरेजवाल्याने यंत्र लावले, त्यात पी ०१७१ हा कोड आला. "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल," तो म्हणाला. आम्ही बदलला. चार दिवसांत दिवा पुन्हा हजर! दुसऱ्या मिस्त्रीने बॉनेट उघडून नुसता कान लावला. सूं सूं आवाज येत होता. इंजिनाकडे जाणारी एक बारीक रबरी नळी उंदराने कुरतडली होती. नळी बदलली, थरथर थांबली.

यातला धडा असा की, कोड लक्षण सांगतो; बिघडलेला भाग सांगत नाही. उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण डोळे झाकून युरिया टाकतो का? पाणी साचले, लोह कमी पडले, की मुळाशी हुमणी लागली, हे आधी पाहतो. तसेच इथे. पी ०१७१ म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. ती फाटक्या नळीतून शिरत असेल, हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, किंवा पेट्रोलच कमी येत असेल.

म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करावी :

१) कोड आधी कागदावर लिहून घ्यावा. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नये. त्याने रोग जात नाही, खूण मात्र पुसली जाते.

२) एअर फिल्टर, रबरी नळ्या, वायरींचे जोड पाहावेत. थ्रॉटलला काजळी धरली असल्यास साफ करून घ्यावी.

३) कोड पी ०३०० ते ०३०४ असल्यास गाडी मिसिंग करते आहे असे समजावे. ०३०२ म्हणजे दुसरा सिलिंडर. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असल्यास, इंजिन बंद व थंड करून दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर बसवावी, कोड पुसावा आणि गाडी चालवून पाहावी. आता ०३०३ आला तर दोष कॉइलचा. ०३०२ च राहिला तर प्लगचीही अशीच अदलाबदल करावी. तरीही फरक नसल्यास मिस्त्रीकडून इंजेक्टर व कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. दिवा स्थिर असेल आणि गाडी बरी चालत असेल, तर सावकाश गॅरेज गाठता येते. दिवा उघडझाप करू लागला, तर गाडी बाजूला घेऊन बंद करावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते, तो तापून निकामी होतो, आणि प्लगच्या खर्चाऐवजी कित्येक हजारांचा भुर्दंड बसतो.

गॅरेजात "कोणता भाग बदलू?" असे विचारले, तर सभासदांनी आधी उलट विचारावे : "तोच बिघडलाय, हे कशावरून?" एवढ्या एका प्रश्नाने आमचे सेन्सरचे पैसे वाचले असते.