गुलकंदाचे पोंच्की आणि वळिवड्याची छावणी





मागील महिन्यात आठवीच्या वर्गात मी एक प्रश्न विचारला, "उंडा म्हणजे काय?" बत्तीस मुलांपैकी फक्त चार हात वर आले. पुरणपोळी मात्र सर्वांनी खाल्लेली होती. पोळी घरात राहिली आणि शब्द निघून गेला! तेव्हापासून मनात असलेला पाठ आज देत आहे. पाठ पोलंड देशाच्या एका गोड पदार्थाचा आहे, पण त्याची सुरुवात कोल्हापुरापासून करावी लागेल.

वळिवड्याची छावणी

१९३९ साली दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड आपसांत वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील लाखो नागरिकांना १९४० व १९४१ साली सायबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत जबरदस्तीने नेण्यात आले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांची सुटका झाली. त्यांतील काही हजार लोक, मुख्यतः स्त्रिया व मुले, इराणमार्गे भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे मुलांना आश्रय दिला. कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते.

या छावणीत चर्च होते, रुग्णालय होते, नाटके होत असत. आणि पोलिश भाषेतून शिकविणाऱ्या शाळा होत्या. ज्यांना उद्या कोणत्या देशात जायचे हे ठाऊक नव्हते, त्यांनी मुलांची भाषा तुटू दिली नाही. पुढे ही कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत विखुरली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथे, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

पोंच्की म्हणजे काय?

एक असेल तर 'पोंचेक', अनेक असतील तर 'पोंच्की'. शब्दाचा अर्थ छोटी कळी. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. तो सुरू होण्यापूर्वी घरातील चरबी, अंडी, साखर संपवावी, म्हणून पोलंडमध्ये त्याआधीच्या गुरुवारी पोंच्की तळतात. त्या दिवशी एकही न खाणाऱ्याचे वर्ष वाईट जाते, अशी तेथील लोकसमजूत आहे. आत गुलाबपाकळ्यांचा मुरंबा भरण्याची जुनी पद्धत आहे. म्हणजे आपला गुलकंदच!

साहित्य (सुमारे १० नग)

मैदा २५० ग्रॅम, कोमट दूध १२५ मिली, साखर ३० ग्रॅम, लोणी ४० ग्रॅम, अंड्याचे पिवळे बलक ३, ड्राय यीस्ट (खमीर) दीड लहान चमचा, व्हिनेगर एक लहान चमचा, चिमूटभर मीठ, घट्ट गुलकंद, तळण्यासाठी तेल, वरून भुरभुरण्यास पिठीसाखर. अंडी न खाणाऱ्या घरी बलकांऐवजी तीन मोठे चमचे घट्ट दही घ्यावे.

कृती

१. दुधात एक चमचा साखर व यीस्ट घालून दहा मिनिटे ठेवा. फेस आला नाही तर यीस्ट जुने आहे असे समजून नवीन आणा.
२. मैदा चाळून त्यात उरलेली साखर, मीठ, बलक, व्हिनेगर व यीस्टचे दूध घाला. दहा मिनिटे मळा. शेवटी मऊ लोणी थोडे थोडे घालून आणखी मळा. पीठ सैलसर राहील. वरून मैदा घालू नका.
३. झाकून दुप्पट होईपर्यंत ठेवा. हैदराबादच्या उन्हाळ्यात तासभर पुरतो, थंडीत दीड तास लागतो.
४. पिठाचे दहा गोळे करा. पुरणपोळीचा उंडा भरतो तसे प्रत्येकात एक लहान चमचा गुलकंद भरून तोंड पक्के बंद करा. बंद बाजू खाली ठेवून आणखी अर्धा तास फुगू द्या.
५. मध्यम आचेवर प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे तळा. तळण्याचे काम मोठ्यांनीच करावे. निथळून, कोमट झाल्यावर पिठीसाखर भुरभुरा.

कृतीमागील विज्ञान

यीस्ट हे सजीव आहे. ते साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडते, त्यामुळे पीठ फुगते. दूध कडक गरम असेल तर यीस्ट मरते, म्हणून दुधात बोट सुखाने राहिले पाहिजे. तेल सुमारे १७५ अंश सेल्सिअस असावे. थंड तेलात पोंच्की तेल पितात, फार तापलेल्या तेलात बाहेरून करपून आत कच्चे राहतात. पोंचेक चांगला फुगला असेल तर तेलावर तरंगतो आणि त्याच्या मध्यावर फिकट पट्टा उमटतो. पट्टा दिसला की परीक्षा उत्तीर्ण!

पालकांना विनंती

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. मराठी मला शाळेने शिकविली नाही, ती आईच्या ओट्याजवळ उभे राहून मिळाली. चाळ, मळ, निथळ, सारण जरा कमी घाल: हेच माझे पहिले पुस्तक. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मराठवाडा हैदराबादपासून वेगळा झाला, तरी आपली घरे येथेच राहिली आणि भाषाही राहिली. आज मराठी वर्गाचा पट कमी होत आहे. तो वाढविण्याचा प्रयत्न विश्वस्त मंडळ व शिक्षक करीतच आहेत. पण चाळीस मिनिटांच्या तासात 'उंडा' शिकविता येत नाही. तो हातात घ्यावा लागतो. एका रविवारी मुलांना, मुलगा असो वा मुलगी, सोबत घेऊन हा पदार्थ करा आणि तेवढा वेळ घरात फक्त मराठी बोला.

स्वाध्याय

१. वळिवडे नकाशात शोधा व हैदराबादपासून मार्ग रेखाटा.
२. एक गोळा थंड जागी व एक उबदार जागी ठेवून फुगण्याचा वेळ नोंदवा.
३. आजीला किंवा आईला विचारून स्वयंपाकघरातील दहा मराठी क्रियापदे लिहून आणा. वही मी स्वतः तपासेन.

आपली,
मुख्याध्यापिका