ओमेगा-थ्रीची बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचा

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या फ्रिजवर गेल्या हिवाळ्यात पाच बाटल्या दिसल्या. सोसायटीत मोफत तपासणी शिबिर झालं होतं. तिथल्या मुलीने हृदयासाठी, डोळ्यांसाठी, गुडघ्यांसाठी असं सांगत त्या दिल्या होत्या. महिन्याचा हिशेब मांडला तर २,८०० रुपये निघाले, आणि आत्याची पेन्शन बेताची. त्याहून वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आत्या एकादशी पाळणारी, जन्मभर शाकाहारी. त्यातली एक बाटली माशाच्या तेलाची होती, कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं होतं आणि वेष्टनावर तपकिरी खूणही होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिने पाहिलं नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी गरज कशाची, ते पाहू. शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी मेदाम्लं दोनच : ओमेगा-सिक्समधलं लिनोलेइक आणि ओमेगा-थ्रीमधलं अल्फा-लिनोलेनिक. पहिलं सूर्यफूल, करडई, शेंगदाणा या तेलांतून आपल्याला भरपूर मिळतं, त्यासाठी कॅप्सूल घेणं म्हणजे पैसे फेकणं. कमी पडतं ते दुसरं. माशात मिळणारी ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-थ्रीचीच पुढची रूपं. अल्फा-लिनोलेनिकपासून शरीर ती बनवतं, पण फार थोडी.

अल्फा-लिनोलेनिकसाठी सगळ्यात स्वस्त उपाय जवस. १०० ग्रॅम जवसात साधारण २२ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक असतं. माणशी रोज १० ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर पूड, घेतली तर दोन ग्रॅमच्या वर मिळतं आणि दिवसाची गरज भागते. किलोला १५० रुपये भाव धरला तर महिन्याचे ३०० ग्रॅम ४५ रुपयांत येतात. चौघांच्या घराला १८० रुपये. हेच जवसाच्या तेलाच्या ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमधून मिळवायचं तर रोज आठ-नऊ गिळाव्या लागतील. मात्र अख्खे दाणे तसेच बाहेर पडतात, ते हलके भाजून कुटावे लागतात. पूड लवकर खवट होते, म्हणून आठवड्यापुरतीच करून घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवावी. पेठ-सुरगाण्याकडची खुरासणी चवीला सुरेख, चटणी जरूर खावी, पण तिच्यात मुख्यतः ओमेगा-सिक्स. जवसाची जागा ती घेत नाही. घरात सोयाबीन तेल असेल तर थोडं अल्फा-लिनोलेनिक त्यातूनही येतं, शेंगदाणा तेलातून जवळपास नाहीच.

मासे खाणाऱ्यांनी तारली आणि बांगडा घ्यावा. सुरमई-पापलेटचा थाट वेगळा, पण तेल या स्वस्त माशांत जास्त. १०० ग्रॅम तारलीतून ईपीए-डीएचए मिळून ग्रॅमच्या आसपास मिळतं. आठवड्यातून दोनदा मासे खाणाऱ्याला बहुतेक वेळा कॅप्सूलची गरज उरत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा नाशिकमध्ये भाव चढतात. तेवढे दोन महिने जवसावर काढले तरी काही बिघडत नाही.

आता बाटली. पुढच्या बाजूला ठळक ‘१००० मिलिग्रॅम’ असतं. ते तेलाचं वजन आहे, ओमेगा-थ्रीचं नव्हे. मागे बारीक अक्षरांत पाहिलं तर नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२०, म्हणजे ३०० मिलिग्रॅमच निघतं. समजा ६० कॅप्सूलची अशी बाटली ६०० रुपयांची आहे. कॅप्सूल दहा रुपयांना पडली, पण एक ग्रॅम खऱ्या ओमेगा-थ्रीला तीनहून जास्त कॅप्सूल लागतात, म्हणजे ३३ रुपये. शेजारची तेवढ्याच कॅप्सूलची बाटली १,०८० रुपयांची, पण प्रत्येक कॅप्सूलमध्ये ६०० मिलिग्रॅम. तिथे तोच ग्रॅम ३० रुपयांत पडतो. महाग दिसणारी बाटली स्वस्त निघाली. आकडा एका कॅप्सूलचा आहे की दोनचा, हेही पाहा, कारण ‘दोन कॅप्सूलमागे’ असं लिहून आकडा दुप्पट दाखवता येतो. शाकाहाऱ्यांसाठी शैवालापासून काढलेलं डीएचए मिळतं. ते महाग असतं, पण हिरवी खूण पाहून घेता येतं.

एवढं करून फायदा किती? ब्रिटनमध्ये मधुमेह असलेल्या, पण हृदयविकार नसलेल्या १५,४८० जणांवर झालेल्या ‘असेंड’ चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोज एक ग्रॅमची कॅप्सूल सरासरी सात वर्षं घेऊनही हृदयविकार आणि पक्षाघात लक्षणीय कमी झाले नाहीत. ट्रायग्लिसराइड्स ५०० च्या वर गेल्यावर डॉक्टर दिवसाला चार ग्रॅमपर्यंत ओमेगा-थ्री देतात, पण ते औषध आहे. साध्या कॅप्सूलमधून तेवढं मिळवायला रोज तेरा गिळाव्या लागतील. जास्त मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, तेव्हा असा प्रयोग मनाने करू नका. म्हणून माझा सल्ला : बाटलीवर पैसे घालण्याआधी एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्या आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा.

हे झालं ओमेगा-थ्रीचं. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांबाबत मी अधिक कडक बोलेन. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हाती ‘फुप्फुसं साफ करणारी’ गोळी देणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के वाढल्याचं २०११ मध्ये अमेरिकेतल्या ‘सिलेक्ट’ चाचणीत दिसलं.

सी जीवनसत्त्वाची प्रौढाची रोजची गरज ६५ ते ८० मिलिग्रॅम. हिवाळ्यातला एक मध्यम पेरू दोनशेच्या आसपास देतो. आपल्या द्राक्षांचं नाव घेऊन रेस्वेराट्रॉलच्या कॅप्सूलही विकल्या जातात. माणसांमध्ये त्यांचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. द्राक्षं द्राक्षं म्हणूनच खावीत. वाइन त्यासाठी पिऊ नये.

खरेदीच्या वेळी वेष्टनावर १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असेल तर ते अन्न आहे, औषध नाही. ‘औषधी वापरासाठी नाही’ हे छापणं बंधनकारक आहे आणि रोग बरा होईल असा दावा कायद्याला चालत नाही. औषधांच्या किमतींवर सरकारचं नियंत्रण असतं, आहारपूरकांवर तसं नाही. म्हणूनच १,५०० छापून निम्म्यात देणं परवडतं. ‘पन्नास टक्के सूट’ ऐकून हुरळू नका. गोळे कॉलनीच्या घाऊक औषधबाजारात चौकशी केली तर खरा भाव कळतो.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असणाऱ्यांनी, शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नये. कॉड लिव्हर ऑइलमध्ये अ जीवनसत्त्व असतं, गर्भारपणात ते जास्त झालं तर बाळाला धोका असतो.

बिल मागाच. शिबिरात, दारावर, नातेवाइकाकडून घेतलं तरी. बिल असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आत्याकडे बिल नव्हतं, त्यामुळे न फोडलेल्या दोन बाटल्याही परत गेल्या नाहीत. आता ती दर रविवारी आठवड्याची जवसाची पूड करते, थोडं मीठ, तिखट आणि लसूण घालून.