पऱ्हाटीतील साखर

कापसाची शेवटची वेचणी झाली म्हणजे वऱ्हाडातील शेतांत पऱ्हाटी उभी राहते. काही चुलीत जाते, काही धुऱ्यावर कुजते, उरलेली पेटवून देतात. एकरी सुमारे एक टन भरणाऱ्या या काष्ठापासून साखर होऊ शकते, हे पुष्कळ कास्तकारांस ठाऊक नसेल.

ज्या शर्करा निसर्गात अत्यल्प सापडतात त्यांस दुर्मिळ शर्करा म्हणतात. त्यांपैकी अल्युलोज अंजिरात किंचित असते. तिची गोडी साखरेच्या सुमारे 70 टक्के, उष्मांक मात्र दशांश. जपानातील कागावा विद्यापीठाचे प्राध्यापक केन इझुमोरी यांस 1991 साली तेथील मातीत असा जिवाणू आढळला की, ज्याचे विकर फलशर्करेची अल्युलोज करिते. विरजणातील जिवाणू ज्या द्रव्यांच्या बळावर दुधाचे दही करितात, त्या जातीचे द्रव्य म्हणजे विकर होय.

पऱ्हाटीचा संबंध येतो तो याच वर्गात गणल्या जाणाऱ्या झायलिटॉलशी. काष्ठाचा सुमारे पाचवा हिस्सा हेमिसेल्युलोज असतो. तो सौम्य आम्लात शिजविल्यास झायलोज सुटते. ही झायलोज निकेलच्या सान्निध्यात, मोठ्या दाबाखाली हायड्रोजन देऊन किंवा कॅन्डिडा जातीच्या किण्वास खाऊ घालून झायलिटॉलमध्ये पालटतात. दुसऱ्या रीतीस दाब लागत नाही. परंतु शिजविताना निघणारी फरफ्युरलसारखी द्रव्ये किण्वास बाधतात व ती काढण्यातच पैसा जातो. झायलिटॉल साखरेइतके गोड असून तोंडातील जंतूंस त्याचे आम्ल करिता येत नाही, म्हणून दंतमंजनांत घालतात. कुत्र्यांस मात्र ते विष आहे. राखणीच्या कुत्र्यापुढे तसली गोळी टाकू नये.

यावरून पऱ्हाटीस उद्याच साखरेचा भाव येईल असे कोणी सांगून भागभांडवल मागू लागल्यास सावध असावे. चीनमध्ये झायलिटॉल मुख्यतः मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांपासून करितात. ती मळणीच्या जागी आयती गोळा होतात. आपली पऱ्हाटी शेतोशेती विखुरलेली, वजनास हलकी व जागा खाणारी. दफ्तरात आयुष्य गेल्यामुळे मी प्रथम गाडीभाड्याचा आकडा मांडतो, आणि येथे तोच जड पडतो.

त्याहून मोठा धोका गंजीचा आहे. गिऱ्हाइकाच्या आशेने पऱ्हाटी उन्हाळाभर रचून ठेविल्यास तिच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त राहते व पावसाळ्यात पतंग होऊन नव्या पिकावर येते. 2017 साली विदर्भाने या अळीचा तडाखा सोसला आहे. म्हणून विकावयाचीच झाल्यास वेचणी संपताच शेतातच तुकडे करून माल उचलण्याची अट व तारीख करारात लिहून घ्यावी. ती तारीख चुकल्यास पऱ्हाटीचे खत करावे.