खिशातील विजेरी : निवडीमागील विज्ञान

'विजेरी' हा शब्द शब्दकोशात आहे. घरात मात्र आपण तिला 'बॅटरी'च म्हणतो. दुकानात जाऊन 'बॅटरी द्या' असे म्हटले की समोरून 'सेल पाहिजे की टॉर्च?' असा उलटप्रश्न येतो तो त्यामुळेच. हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. प्रकाश देणारी वस्तू आणि त्या प्रकाशाला ऊर्जा पुरविणारी वस्तू यांची फारकत मनात स्पष्ट नसेल, तर खरेदीत फसगत होते. म्हणून या पाठापुरते आम्ही पहिलीला विजेरी आणि दुसरीला सेल असेच म्हणणार आहोत.

स्मरणिकेत विजेरीसारख्या किरकोळ वस्तूवर लेख कशासाठी, अशी शंका काही वाचकांना येईल. आपले बहुसंख्य विद्यार्थी ज्या वाड्या-वस्त्यांतून येतात, तेथील रात्र ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती येणार नाही. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. हाच आपल्या वर्षावासाचा काळ. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या विहारांत सायंकाळी ग्रंथवाचन चालते आणि उपासक-उपासिका, लहान मुलांसह, अंधारात पायवाटेने घरी परततात. वर्षावासाची प्रथा मुळात सुरू झाली ती पावसाळ्यात चालणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली हिरवे गवत व सूक्ष्म जीव तुडवले जातात, या लोकांच्या तक्रारीवरून, असे विनयपिटक सांगते. पायाखाली पाहून चालण्याचा विचार आपल्या परंपरेत असा जुनाच आहे.

त्यात शेतीचा प्रश्न वेगळा. कृषिपंपांची वीज अनेक भागांत पाळीपाळीने दिवसा व रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की घरातला कर्ता माणूस किंवा त्याच्या हाताशी असलेला मुलगा मध्यरात्री दार उघडून बांधावरून विहिरीकडे जातो. घोणस, नाग, मण्यार आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. त्यांतील मण्यार तर पूर्णपणे निशाचर असून जमिनीवर झोपलेल्या माणसालाही ती दंश करते, आणि हा दंश पुष्कळदा इतका अल्प वेदनेचा असतो की जाग आल्यावरही काय घडले ते कळत नाही. विजेरी हा सर्पदंशावरील उपाय नाही. दंश झालाच तर १०८ ला फोन करून प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय तातडीने गाठणे हाच उपाय. मांत्रिकाकडे घालवलेला एकेक तास जीवघेणा ठरतो. परंतु पाऊल कोठे पडते आहे हे दिसणे, ही त्याआधीची पायरी आहे.

मोबाईलमध्ये दिवा आहे, मग वेगळी विजेरी कशाला? मोबाईलचा दिवा मुळात छायाचित्रासाठी बसविलेला असतो. त्याचा प्रकाश पसरट आणि क्षीण. दोन पावलांपुढे त्याचा उपयोग नाही. पावसात तो धरता येत नाही, हातातून निसटला तर नुकसान मोठे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या फोनवरून १०८ ला बोलावायचे, त्याचीच ऊर्जा आपण वाट पाहण्यात खर्च करून बसतो.

आता पाठाकडे वळू. विजेरीच्या खोक्यावर पहिला मोठा आकडा असतो तो ल्यूमेनचा. ल्यूमेन म्हणजे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. एका मेणबत्तीचा एकूण प्रकाश साधारण १२ ल्यूमेन, तर जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बचा सुमारे ७०० ल्यूमेन. वॉट हे प्रकाशाचे माप नव्हे, ते खर्चाचे माप आहे. दुसरा आकडा कँडेलाचा. तो एका दिशेला किती तीव्रतेने प्रकाश जातो हे सांगतो. नळीच्या तोंडावर बोट दाबले की तेवढेच पाणी लांब उडते, तद्वत आरशाने किंवा भिंगाने प्रकाश एकवटला की ल्यूमेन न वाढताही कँडेला वाढतो. म्हणून दोन विजेऱ्यांचे ल्यूमेन सारखे असूनही एकीचा झोत आंब्याच्या शेंड्यापर्यंत जातो आणि दुसरीचा अंगणभर पसरतो.

खोक्यावरील 'इतके मीटर' हा आकडा कसा काढतात, हे विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावे. प्रचलित मानकानुसार, झोत ज्या अंतरावर ०.२५ लक्स इतका क्षीण होतो तेथपर्यंत त्याचा पल्ला धरतात. ०.२५ लक्स म्हणजे जवळजवळ पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होत जातो, त्यामुळे गणित सोपे आहे: कँडेलाचे वर्गमूळ काढून त्याची दुप्पट करा. २५०० कँडेलाची विजेरी १०० मीटर, तर १०,००० कँडेलाची २०० मीटर. पल्ला दुप्पट करायला तीव्रता चौपट लागते. आणि '१०० मीटर' याचा अर्थ १०० मीटरवरचा साप दिसेल असा नाही. तेथे केवळ चांदण्याइतका उजेड पडेल, एवढाच आहे.

हे शाळेत तपासून पाहता येते. आजकाल मोबाईलवर लक्स मोजण्याची सोय मिळते. ती फारशी अचूक नसते, पण तुलनेला पुरते. अंधाऱ्या खोलीत विजेरी बरोबर ५ मीटर अंतरावर ठेवा, झोताच्या मध्यभागी लक्स मोजा, त्याला २५ ने गुणा; कँडेला मिळाला. १०० लक्स आले तर २५०० कँडेला. एकूण प्रकाशाची तुलना करायची असेल तर विजेरी छताकडे रोखून खोलीच्या एका ठराविक जागी उजेड मोजावा. दोन विजेऱ्या घेऊन हे दोन्ही प्रयोग केले की ल्यूमेन आणि कँडेला यांतील फरक पुन्हा शिकवावा लागत नाही.

बाजारातील अतिशयोक्ती ओळखण्याचे खरे साधन मात्र ऊर्जेचा हिशेब हे आहे. एलईडी विजेरीत एका वॉटमागे सुमारे १०० ल्यूमेन मिळतात असे ढोबळमानाने धरू. म्हणजे ३०० ल्यूमेनसाठी ३ वॉट. बोटाएवढा पुनर्भारित होणारा साधा 'डबल ए' सेल १.२ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांचा असला तर त्यातील ऊर्जा २.४ वॉट-तास, म्हणजे ३०० ल्यूमेन जेमतेम पाऊण तास. त्याहून जाड असा १८६५० क्रमांकाचा लिथियम सेल ३.६ व्होल्ट व ३००० मिलिअँपिअर-तासांचा असला तर ऊर्जा १०.८ वॉट-तास, तोच प्रकाश साडेतीन तास. लहान, प्रखर आणि दीर्घकाळ टिकणारी, या तिन्ही गोष्टी एकाच विजेरीत मिळत नाहीत. कोणत्याही दोन घ्या. 'किल्लीच्या जुडग्याला अडकणारी, दहा हजार ल्यूमेन, बारा तास' असे लिहिलेले खोके दिसले तर ते खाली ठेवून पुढे जावे.

टिकण्याच्या तासांतही एक मेख आहे. प्रकाश सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ 'चालण्याचा काळ' म्हणून मोजण्याची मानकातच मुभा आहे. पाच मिनिटे लख्ख आणि पुढे तीन तास मिणमिण, असे असले तरी खोक्यावर 'तीन तास' हेच छापले जाते. त्याला उष्णतेचेही कारण आहे. हजार ल्यूमेन म्हणजे सुमारे दहा वॉट. त्यांतील मोठा भाग उष्णता बनतो, आणि बोटाएवढी धातूची नळी ती बाहेर टाकू शकत नाही. म्हणून चांगल्या विजेऱ्या काही मिनिटांत आपोआप मंद होतात. तो दोष नसून संरक्षण आहे. जी मंद होत नाही ती हाताला चटका देते किंवा आतून जळते.

आमच्या मते खरेदी करताना सर्वांत दुर्लक्षित राहते ती सर्वांत मंद पायरी. माणसाचा डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने ते सारे क्षणात वाया जाते. वसतिगृहात रात्री उठलेल्या मुलाला पाच-दहा ल्यूमेन पुरतात. शेजारची मुलेही जागी होत नाहीत. उलट ल्यूमेन दुप्पट झाले म्हणून डोळ्याला उजेड दुप्पट वाटत नाही. तेव्हा ९०० की १००० या घासाघिशीत अर्थ नाही. ५, ५० आणि ३०० अशा पायऱ्या आहेत की नाहीत हे पाहावे. लुकलुकणारी पायरी बहुतेकांच्या काहीच कामाची नसते. ती मुलांच्या मात्र फार आवडीची, हा आमचा अनुभव आहे.

सेलविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण धोका असतो तो येथेच. १८६५० या क्रमांकातच माप आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. या आकाराच्या सेलची क्षमता आजच्या तंत्रज्ञानाने ४००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. त्यावर ९९०० छापलेले असेल तर तो आकडा खोटा आहे, आणि जो आकड्यात खोटे बोलतो तो सुरक्षिततेतही खरा असण्याचा संभव कमी. भारतात अशा सेलना आयएस १६०४६ या मानकानुसार नोंदणी आवश्यक आहे. ती खूण पाहावी. १४५०० हा लिथियम सेल दिसायला हुबेहूब 'डबल ए'सारखा, पण त्याचा दाब १.५ नव्हे तर ३.७ व्होल्ट. साध्या सेलच्या विजेरीत तो घातला तर दिवा जळतो. घड्याळात किंवा खेळण्यात गेला तर तेही. म्हणून घरी लहान मुले असतील तर एकतर सर्वत्र साधे सेल वापरावेत किंवा सेल आतच बंद असलेली, मोबाईलच्या चार्जरवर भारित होणारी विजेरी घ्यावी. फुगलेला, चेपलेला वा वेष्टण फाटलेला लिथियम सेल पुन्हा भारित करू नये. परदेशी जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटे लिथियम सेल विमानात हातातील सामानातच ठेवावेत.

खेड्यात मात्र अजूनही आमचा कौल 'डबल ए'कडे झुकतो. चार्जर बिघडला, वीज तीन दिवस गेली, तरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तो सेल मिळतो. ऊर्जा कमी, पण तुटवडा नाही.

रंगाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. पांढरा एलईडी खरे पाहता निळा असतो. त्यावरील पिवळसर लेपामुळे दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. असा प्रखर निळा एलईडी घडविल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. स्वस्त विजेरीत निळा अंश जास्त आणि तांबडा कमी असतो, म्हणून पालापाचोळा, माती आणि त्यावर पडलेली तपकिरी घोणस हे सारे एकाच राखाडी छटेचे भासते. खोक्यावर ६५०० केल्विनऐवजी ४००० ते ५००० असेल आणि वर्णदर्शनाचा निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या पुढे असेल तर थोडे ल्यूमेन कमी मिळाले तरी चालतील. परिचारिका झालेल्या आमच्या माजी विद्यार्थिनींनी तर हा आकडा आधी पाहावा. जखमेची लाली निळ्या उजेडात कळत नाही.

बाकी गोष्टी थोडक्यात. पावसासाठी आयपीएक्स४ पुरते, विहिरीवर जाणाऱ्यासाठी आयपीएक्स७ बरे. त्यात १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी असते. कळ मागे असली की अंधारात अंगठ्याला सापडते. बाजूला असली तर खिशात चुकून दाबली जाते, आणि प्रखर विजेरी खिशात पेटली तर कापड भाजते. बंद करण्याचे कुलूप नसेल तर मागचे झाकण पाव फेरा सैल करून पाहावे. बहुतेक चांगल्या विजेऱ्या तेवढ्याने बंद राहतात.

पायवाटेने चालणाऱ्याला लांब पल्ला नको, पाच-सात मीटरपर्यंत पसरलेला १०० ते ३०० ल्यूमेनचा रुंद उजेड हवा. जुन्नर-शिरूरसारख्या बिबट्यांच्या पट्ट्यात उसाच्या फडाकडे जाणाऱ्याला मात्र लांबचा झोत हवा, शिवाय पायाजवळचा रुंद उजेडही हवा. तेथे एकच विजेरी दोन्ही कामे करील असा आग्रह धरू नये. विद्यार्थ्यासाठी एका सेलची, मंद पायरी असलेली पुरे. विहारातून परतणाऱ्या वृद्ध उपासिकेसाठी एकाच कळीची, एकाच पायरीची विजेरी घ्यावी. चारदा दाबून पायऱ्या बदलणारी उत्तम विजेरी तिच्या दृष्टीने बिघडलेली विजेरीच असते.

महापरिनिब्बाण सुत्तातील 'दीप' या पाली शब्दाचा अर्थ दिवा की द्वीप, याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. दोन्ही अर्थ त्या शब्दात बसतात. येथे आपला संबंध पहिल्याशीच.

घरी आणल्यावरची निगा एवढीच. साधे सेल महिनोन्महिने आत राहिले की पाझरतात आणि आतील तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडतात. वापर नसेल तेव्हा ते काढून ठेवावेत. भिंतीच्या प्लगात थेट खोचायच्या जुन्या धाटणीच्या मोठ्या विजेऱ्यांत शिसे-आम्लाची बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की मरते, म्हणून महिन्यातून एकदा भारित करावी. लिथियमचा सेल बरेच दिवस ठेवायचा असेल तर निम्मा भारित करून ठेवावा. निकामी सेल चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नयेत, तालुक्याच्या ठिकाणी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत. आणि विजेरीची जागा ठरलेली असावी: झोपण्याच्या जागी उशाशी एक, आणि दाराच्या चौकटीला, लहान मुलाचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर, खिळ्याला टांगलेली दुसरी.