बँकेची कर्जवही आणि कोयनाकांठ

कारखान्याचें धुराडें दुरून दिसतें. डोंगरास वणवा लागला तर त्याचा जाळ रात्रीं कित्येक कोसांवरून ओळखूं येतो. बँकेच्या इमारतींतून मात्र असें कांहींच बाहेर पडतांना दिसत नाहीं. आंत कांचेआड बसलेले कारकून, पासबुकें छापणारें यंत्र, भिंतीवर व्याजाच्या दरांचा तक्ता, आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेलीं माणसें. अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या संस्थेनें सृष्टीच्या, किंवा हल्लींच्या भाषेंत पर्यावरणाच्या, रक्षणासाठीं काय करावें, असा प्रश्न घातला तर पुष्कळ जण सांगतील कीं, कागद कमी वापरावा, गरज नसेल तेव्हां दिवे व पंखे बंद करावे, छपरावर सोलर पॅनेल बसवावे आणि आवारांत चार झाडें लावावीं.

हीं उत्तरें चुकीचीं नाहींत. वीज गेली म्हणजे शाखेच्या मागें धडधडणारें डिझेलचें जनित्र जाऊन त्या जागीं सूर्यप्रकाशावर भरणाऱ्या बॅटऱ्या आल्या, तर धूर व खर्च दोन्ही वांचतात. सन २०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची यूपीआय पद्धति सुरू झाल्यामुळें शाखेंतले खेटे व पावत्यांचे ढीग बरेच कमी झाले आहेत. रिझर्व्ह बँक फाटक्या व मळक्या नोटांचा चुरा करून त्याच्या विटा दाबते, हेंहि ठीकच. तथापि एवढ्यावर समाधान मानणें म्हणजे आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं अशांतला प्रकार होईल. बँकेचा खरा धूर तिच्या कर्जवहींतून निघतो, हें या लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे. आणि त्याचीं बहुतेक उदाहरणें आपल्या पाटण तालुक्यांत व सातारा जिल्ह्यांतच सांपडतात.

आपण बँकेंत ठेवलेले पैसे तिजोरींत पडून राहत नाहींत. त्यांतील कांहीं भाग नियमाप्रमाणें रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागतो, कांहीं सरकारी रोख्यांत गुंतवावा लागतो, आणि उरलेल्याचा बराच मोठा भाग कर्जरूपानें बाहेर जातो. त्या कर्जांतून कोणी विहीर खणतो, कोणी म्हशी घेतो, कोणी ट्रक घेतो, तर कोणी टेकडी फोडून खडी करण्याचें यंत्र बसवितो. एखाद्या आजीबाईनें पोटाला चिमटा घेऊन साठविलेल्या रुपयांवर तें खडीचें यंत्र फिरत असेल आणि आजीबाईस त्याची वार्ताहि नसेल. अर्जावर सही करणारा अधिकारी कर्जदाराची पत पाहतो, तारण पाहतो, जामीनदार पाहतो. पण त्याच सहीनें एखाद्या ओढ्याचें किंवा टेकडीचें भवितव्य ठरत असतें, हें त्या अर्जाच्या कोणत्याहि रकान्यांत बहुधा लिहिलेलें नसतें.

याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. कोयनेच्या जलविद्युत् प्रकल्पासाठीं जागतिक बँकेनें सन १९५९ मध्यें कर्ज दिलें. हेळवाकच्या वरच्या अंगास धरण उभें राहिलें, शिवसागर भरला, आणि कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें पश्चिमेस नेऊन पोफळीस वीज होऊं लागली. टप्प्याटप्प्यानें वाढत या प्रकल्पाची शक्ति १९६० मेगावॉट झाली. महाराष्ट्राच्या घरांस व कारखान्यांस या विजेनें किती आधार दिला हें सांगावयास नको, आणि ती करण्यास कोळशाचा एक खडाहि जाळावा लागत नाहीं. परंतु त्याच पाण्याखालीं खोऱ्यांतील गांवें, शेतें व देवळें गेलीं, आणि उठविलेल्या लोकांस जमिनी मिळण्याचा प्रश्न पुढें अनेक दशकें रेंगाळत राहिला. उठणाऱ्या माणसांचें काय करावें याविषयीं जागतिक बँकेचे स्वतःचे लेखी धोरणच त्या काळीं नव्हतें. तें प्रथम सन १९८० मध्यें झालें.

धोरण झालें म्हणून तें पाळलें गेलें असें नव्हे. नर्मदेवरील सरदार सरोवरास याच बँकेनें सन १९८५ मध्यें कर्ज दिलें. महाराष्ट्राच्या बाजूस मणिबेलीसारख्या आडवळणी गांवांतील आदिवासी लोकांनीं उठण्यास नकार दिला, त्यांची हाक देशाबाहेर गेली, आणि बँकेस स्वतंत्र चौकशी करवावी लागली. त्या चौकशीचा अहवाल १९९२ मध्यें प्रसिद्ध झाला. तो बँकेस मुळींच अनुकूल नव्हता. मार्च १९९३ मध्यें भारत सरकारनें कर्जाचा उरलेला भाग घेण्याचें सोडून दिलें, आणि त्याच वर्षीं बाधित लोकांच्या तक्रारी तपासण्यासाठीं जागतिक बँकेनें एक स्वतंत्र मंडळ स्थापिलें. आज जगांतील मोठमोठ्या बँका कर्जापूर्वीं निसर्गाची व माणसांची हानि किती होईल याची तपासणी करतात, त्या रिवाजाच्या मुळाशीं नर्मदाकांठच्या या लोकांचा हट्ट आहे. हा भाग शाळेच्या पुस्तकांत अधिक विस्तारानें असावा असें आम्हांस वाटतें.

विचार किती पालटला हें पाहावयाचें असेल तर आणखी एक नियम पाहावा. रिझर्व्ह बँकेनें सन २०२३ मध्यें 'हरित ठेवीं'चे नियम केले. व्यापारी बँकेनें अशा नांवानें ठेव घेतली, तर ती रक्कम सौर व वाऱ्याची वीज, पाण्याची काटकसर, स्वच्छ वाहतूक अशाच कामांकडे वळवावी लागते, आणि तिचा हिशेब बाहेरच्या तपासनिसाकडून तपासून घ्यावा लागतो. या ठेवींतून ज्यांस पैसा देतां येत नाहीं अशा कामांच्या यादींत कोळसा व खनिज तेल आहेच; पण २५ मेगावॉटहून मोठे जलविद्युत् प्रकल्पहि आहेत. म्हणजे कोयनेसारखा प्रकल्प आज नव्यानें उभारावयाचा झाला, तर हरित ठेवींतून त्यास एक पैहि मिळावयाची नाहीं!

मग वाऱ्याची वीज तरी सर्वथा निर्दोष असेल, असें कोणास वाटेल. पाटणच्या वर वनकुसवड्याच्या पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. यंत्राच्या किमतीवर प्राप्तिकरांत घसाऱ्याची भरघोस सूट मिळत असल्यामुळें, डोंगर कधीं न पाहिलेल्या कंपन्यांनींहि येथें चक्क्या विकत घेतल्या. कोळशापेक्षां ही वीज शतपटीनें बरी, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं केलेला अभ्यास सन २०१८ मध्यें प्रसिद्ध झाला, तो ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. चक्क्या नसलेल्या भागांत शिकारी पक्षी चक्क्यांच्या भागापेक्षां सुमारें चौपट आढळले. घारी व ससाणे दूर गेल्यामुळें चक्क्यांखालीं सरडे फार वाढले. पण ते अधिक रोड होते, आणि माणूस जवळ आला तरी लवकर पळत नव्हते. गळ्याला निळी-केशरी पंख्यासारखी झालर असलेले हे सरडे. त्यांच्या गटाचें शास्त्रीय नांवहि सन २०१६ मध्यें आपल्या मराठी 'सरडा' या शब्दावरूनच ठेवण्यांत आलें. पठार म्हणजे ओसाड माळ, अशी नोंद करून कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्यानें एकदां पावसाळ्याच्या अखेरीस स्वतः वर चढून जावें. चक्की कोठें उभारावी व कोठें उभारूं नये हें त्याला तेथें कळेल.

घराच्या छपरावरील सौरविजेस असा वाद नाहीं. अशा कर्जास रिझर्व्ह बँकेनें सन २०१५ पासून अग्रक्रमाच्या कर्जांत स्थान दिलें असून कुटुंबास त्यासाठीं १० लाख रुपयांपर्यंत कर्ज त्या सदरांत देतां येतें. फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेंत ३ किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपयांचें अनुदान ठरविण्यांत आलें. पाटणांत पावसाळा लांबतो हें खरें; पण उरलेले आठ महिने ऊन कांहीं कमी नसतें.

आतां आम्ही अधिक नाजुक विषयाकडे वळतों, तो म्हणजे ऊस. मल्हारपेठेहून कराडकडे जातांना रस्त्याच्या दोहों बाजूंस ऊस दिसतो. शेतकऱ्यास ऊस आवडतो याचें कारण सर्वांस ठाऊक आहे. बँकेस तो कां आवडतो हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें. कोणत्या पिकास हेक्टरीं किती कर्ज द्यावें हें दर वर्षीं जिल्ह्याची तांत्रिक समिति ठरविते, आणि त्यांत उसाचा आंकडा ज्वारी-बाजरीच्या कितीतरी वर असतो. शिवाय ऊस कारखान्यांत गेला कीं त्याच्या बिलांतूनच सोसायटीचें कर्ज कापून घेतां येतें. ज्वारीची वसुली करण्यास सचिवाला दारोदार फिरावें लागतें; उसाची वसुली आपण होऊन चालत येते. म्हणून बँकेच्या दृष्टीनें ऊस हें सोन्यासारखें तारण झालें, आणि पैसा आपसूक त्याच पिकाकडे वाहूं लागला. त्या पैशामागोमाग पाणीहि वाहिलें. उसास सामान्यतः १५०० ते २५०० मिलिमीटर पाणी लागतें, आणि आपल्याच जिल्ह्यांत कोयनानगरास सुमारें ५००० मिलिमीटर पाऊस पडत असतां माण तालुक्यांत तो ५०० च्या आसपास घुटमळतो!

पाण्याची नासाडी अखेरीस बँकेच्याच अंगावर येते. कृष्णाकांठीं सांगली व शिरोळकडे वर्षानुवर्षें पाट सोडून पाणी दिल्यामुळें हजारों एकर जमीन क्षारपड झाली. ज्या जमिनीच्या तारणावर कर्ज दिलें, तिच्यांत गवताची काडी उगवेनाशी झाली, तर त्या तारणाची किंमत काय राहिली? शिरोळच्या श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन, कर्ज काढून, जमिनीखालीं सच्छिद्र नळ पुरले व खारें पाणी बाहेर काढून शेतें पुन्हां लागवडीस आणलीं. हें काम स्तुत्य खरेंच. पण आधीं पाण्यासाठीं कर्ज आणि मग तेंच पाणी काढण्यासाठीं कर्ज, हा व्यवहार शहाणपणाचा म्हणवत नाहीं. उसाचें कर्ज देतांनाच ठिबकासाठीं स्वस्त व्याजाची जोड दिली असती तर दुसरें कर्ज टळलें असतें. महाराष्ट्र शासनानें सन २०१७ मध्यें उसाच्या ठिबकासाठीं सवलतीच्या व्याजाची योजना जाहीर केली, ती याच विचारानें.

येथें एक सावधगिरी राखली पाहिजे. पर्यावरणाचें नांव पुढें करून बँकेनें गरीबाचा अर्ज आधीं फेटाळावा, हें आम्हांस मान्य नाहीं. दोन एकर उसावर मुलांचें शिक्षण करणाऱ्या शेतकऱ्यास नकार देणें सोपें असतें. कोटींचें कर्ज मागणाऱ्यास प्रश्न विचारणें अवघड असतें. बँकेनें अवघड कामापासून आरंभ करावा.

म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. चेतना गाला-सिन्हा यांच्या पुढाकारानें सन १९९७ मध्यें ती निघाली. बायकांना लिहितांवाचतां येत नाहीं म्हणून तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता. पुढें त्याच बायकांनीं अक्षरें गिरविलीं आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांस तोंडी व्याज मोजण्याचें आव्हान देऊन परवाना मिळविला. सन २०१२ च्या सुमाराच्या दुष्काळांत एक मेंढपाळ कुटुंबांतील बाई अंगावरचे दागिने गहाण ठेवण्यास बँकेंत आली. कशासाठीं, तर जनावरांच्या वैरणीसाठीं. दुसऱ्या बँकेनें सोन्याचें वजन केलें असतें व पैसे मोजून दिले असते. येथें मात्र त्या सोन्यांतून दुष्काळ किती खोल गेला आहे हें ओळखलें गेलें, आणि बँकेच्या भगिनी संस्थेनें म्हसवडला जनावरांची छावणी उघडली. पुढें ओढ्यांवर बंधारे घालण्याचें कामहि हातीं घेतलें. पाऊस मोजण्याचें यंत्र जें सांगत नाहीं, तें कधीं कधीं गहाणवटीची वही सांगते.

आपल्या तालुक्यास याची गरज निराळ्या कारणानें आहे. २२ जुलै २०२१ च्या रात्रीं अतिवृष्टीनें आंबेघर, मिरगांव व ढोकावळे येथें दरडी कोसळल्या आणि झोपेंत असलेलीं माणसें मातीखालीं गेलीं. घराच्या कर्जासाठीं अर्ज आला म्हणजे बँक उतारा, नकाशा व अंदाजपत्रक मागते. घराच्या पाठीमागचा उतार कसा आहे, वरचें पाणी कोणत्या वाटेनें उतरतें, हें विचारीत नाहीं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें दरडींचा धोका दाखविणारे नकाशे केलेले आहेत. ते शाखेच्या टेबलावर असावेत. मात्र ते पाहून 'या गांवास कर्ज नाहीं' असा शिक्का मारावयाचा असेल तर ते कपाटांतच राहिलेले बरे. त्याच अर्जदारास थोडी अधिक रक्कम देऊन सुरक्षित जागीं पाया घालावयास लावणें, घरामागें पाणी काढून देणारी चर खणावयास लावणें, डोंगर पोखरणाऱ्या खाणीस कर्ज देतांना खालच्या वाडीची गणती करणें, हें त्या नकाशांचें खरें काम होय.

पालकांपैकीं पुष्कळ जण विकास सोसायटीचे सभासद आहेत. सोसायटींत एका सभासदास एकच मत असतें, मग त्याची जमीन दोन एकर असो कीं वीस; आणि जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या संचालक मंडळावर सोसायट्यांचे प्रतिनिधि निवडून जातात. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आंत घ्यावी लागते. गेल्या वर्षीं दिलेल्या कर्जांपैकीं ठिबकासाठीं किती गेलें, सौरपंपासाठीं किती गेलें, खडीच्या यंत्रांसाठीं किती गेलें, हे तीन आंकडे तेथें कोणाहि सभासदास विचारतां येतात. सभेची नोटीस सोसायटीच्या फलकावर लागते.