नगरपरिषदेचे एक वर्ष आणि विकास योजनेची वीस वर्षे

दरवर्षी ३१ मार्च रोजी नगरपरिषदेचे आर्थिक वर्ष संपते आणि काही महिन्यांनी वार्षिक प्रशासन अहवाल सभेपुढे येतो. करवसुली किती टक्के झाली, किती रस्त्यांचे डांबरीकरण झाले, दिवाबत्तीवर काय खर्च पडला, हे सर्व त्यात असते. सदस्य पाने चाळतात, एखादा सदस्य आपल्या प्रभागातील तुंबलेल्या गटाराची आठवण करून देतो आणि अहवाल संमत होतो. मात्र शहराच्या मंजूर विकास योजनेचा किती भाग या वर्षी प्रत्यक्षात उतरला, याचे उत्तर अशा अहवालात क्वचितच सापडते.

विकास योजना म्हणजे केवळ रंगीत नकाशा नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये तयार होणाऱ्या या योजनेत शाळा, क्रीडांगण, दवाखाना, भाजी मंडई, रस्ते यांसाठी जमिनी आरक्षित केल्या जातात. साधारणतः वीस वर्षांनी तिची सुधारणा व्हावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. याच कायद्याच्या कलम २६ नुसार प्रारूप योजनेसोबत आणखी दोन गोष्टी द्याव्या लागतात. योजनेतील जबाबदाऱ्या कोणत्या टप्प्यांनी पार पाडावयाच्या याचा अहवाल, ही पहिली. आणि जमिनी संपादन करण्यास येणाऱ्या खर्चाचा ढोबळ अंदाज, ही दुसरी. म्हणजे वार्षिक कामगिरी मोजण्याची पट्टी कायद्यानेच हाती दिलेली आहे. योजना मंजूर झाल्यावर ती बहुधा नगररचना विभागाच्या कपाटात जाते, ही गोष्ट वेगळी.

असे का होते? अंदाजपत्रक लेखाशीर्षांनुसार मांडले जाते, तर विकास योजना जागांनुसार. ‘उद्याने’ या शीर्षाखालील तरतुदीपैकी नव्वद टक्के रक्कम खर्च झाली, एवढे अहवालावरून कळते. ती जुन्याच बागेच्या कुंपणावर व रंगकामावर खर्च झाली की आरक्षणाखालील नवी जागा ताब्यात आली, हे मात्र कळत नाही. खर्च शंभर टक्के आणि योजनेची प्रगती शून्य, असे वर्ष अगदी शक्य आहे.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक आरक्षणाची एक नोंदवही ठेवावी. तीत आरक्षण क्रमांक, प्रयोजन, क्षेत्रफळ, ताबा मिळाल्याची तारीख आणि जागा प्रत्यक्ष वापरात आल्याची तारीख असावी. समजा, एका नगरपरिषदेच्या योजनेत ६० आरक्षणे आहेत व योजना अमलात येऊन सात वर्षे झाली आहेत. सरळ हिशेबाने २१ आरक्षणे पूर्ण व्हावयास हवीत. प्रत्यक्षात ९ जागा ताब्यात आहेत आणि त्यांपैकी ४ विकसित आहेत. या तीन आकड्यांतून जे चित्र दिसते, ते शंभर पानांच्या अहवालातून दिसणार नाही. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. संख्येबरोबर क्षेत्रफळही मोजावे. अन्यथा नऊ लहान तुकडे ताब्यात घेऊन एकमेव मोठे क्रीडांगण मागे ठेवल्याचे झाकले जाते.

विलंबाची किंमत काय, हे कलम १२७ वरून समजते. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजेच जमीन आरक्षणातून मुक्त होते. ही मुदत २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिने झाली. ‘पावले’ म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणी २००७ मध्ये स्पष्ट केले आहे: केवळ ठराव करून प्रस्ताव पाठविणे पुरेसे नाही. ही तरतूद मालकावर अन्याय होऊ नये म्हणून आहे आणि ती रास्तही आहे. कोणाची जमीन दशकभर अडवून ठेवावयाची, तर तिचा मोबदला द्यावयास हवा. तेव्हा नोंदवहीत ‘दहा वर्षे पूर्ण होण्याची तारीख’ हा रकाना हवाच.

काही वर्षांपूर्वी एका नगरपरिषदेचे लागोपाठचे अहवाल प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले. ‘क्रीडांगणाच्या जागेचा प्रस्ताव विचाराधीन आहे’ हे वाक्य चार वर्षे त्याच शब्दांत छापलेले होते. पाचव्या वर्षी ते गाळलेले होते, कारण आरक्षणच राहिले नव्हते.

पैसा नाही, ही अडचण खरी आहे. जुन्या भूसंपादन कायद्यात बाजारमूल्यावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळत असे. २०१३ च्या नव्या कायद्याने ती १०० टक्के केली. जुन्या योजनांमधील खर्चाचे अंदाज त्यामुळे निरुपयोगी ठरले. तथापि, रोख मोबदला हा एकच मार्ग नाही. कलम १२६ नुसार मालकाच्या संमतीने जमिनीच्या बदल्यात चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो. लहान गावात अशा हक्काला गिऱ्हाईक मिळत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

जागांप्रमाणे सेवांचाही पडताळा घेता येतो. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २००८ मध्ये सेवांचे मापदंड ठरविले. त्यांत माणशी दररोज १३५ लिटर पाणी आणि हिशेबाबाहेर जाणारे पाणी २० टक्क्यांपर्यंत, असे लक्ष्य आहे. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवले, की दिशा समजते.

मोठ्या शहरांनाही हे कोडे सुटलेले नाही. मुंबईची पहिली विकास योजना १९६७ मध्ये मंजूर झाली व ती १९८१ पर्यंतची होती. पुढच्या योजनेच्या मंजुरीस प्रारंभ होण्यास १९९१ उजाडले. तिची मुदत २००१ ची, पण त्यानंतरची योजना १ सप्टेंबर २०१८ रोजी अमलात आली. मधल्या काळात जुनीच आरक्षणे चालू राहिली.

हा आढावा वर्ष संपल्यावर घेण्यापेक्षा डिसेंबरात, अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी घेणे अधिक उपयोगी; कारण त्यावेळी आरक्षण क्रमांकासह तरतूद करता येते. ग्रामपंचायतीचे रूपांतर होऊन जेथे नवी नगरपंचायत आली आहे, तेथील सदस्यांनी पहिल्याच योजनेपासून ही नोंदवही ठेवावी. विकास योजनेचा नकाशा कोणासही पाहता येतो. शिक्षकांनी भूगोलाच्या एखाद्या तासाला तो वर्गात लावावा आणि शाळेजवळची आरक्षित जागा मुलांना प्रत्यक्ष दाखवून आणावी. तेथे आज काय उभे आहे, ते मुले घरी जाऊन सांगतील.