तीस म्हणजे तीस

मिरज,
माघ शुद्ध सप्तमी

चि. छबी हिस आप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण असे की, परवा सांगलीच्या लग्नात पंगत उठल्यावर पुण्याकडच्या एका गृहस्थांनी, तू माझी भाची आहेस हे ठाऊक नसताना, बोलता बोलता असे सांगितले की, तुझे ते 'घाटावरची दुपार' नावाचे एचिंग, ज्याच्या तीसच प्रती काढल्याचे तू स्वहस्ते प्रत्येक कागदाखाली नोंदवले आहेस, त्याच पत्र्यावरून आणखी चाळीस ठसे काढून द्यावेत असा कोणा व्यापाऱ्याचा तुझ्यामागे तगादा आहे, आणि तू त्यास अद्याप नकार दिलेला नाहीस. त्यांनी ही गोष्ट तुझ्या उत्कर्षाची म्हणून सांगितली. माझ्या हातातला विडा मात्र हातातच राहिला.

ऐकीव गोष्टीवरून माणसाची झडती घ्यावी असा माझा स्वभाव नाही. तुझ्या आईला यातले अक्षरही मी कळवलेले नाही, कारण ती हाय खाईल. म्हणून थेट तुलाच विचारतो: पुन्हा ठसा निघू नये म्हणून तो तांब्याचा पत्रा तू खोडलास की नाही?

गणपतीत आली होतीस तेव्हा, ठशाखाली प्रतींचे आकडे घालण्याची चाल अलीकडची, रेम्ब्रांटने कुठे घातले होते, असा मुद्दा तू मोठ्या हिरीरीने मांडला होतास. मुद्दा खरा आहे. ठशाखाली पेन्सिलीने सही करण्याची रीतसुद्धा व्हिसलरसारख्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ केली. परंतु ज्याने वचन दिलेच नाही त्याच्यावर वचनभंगाचा आळ येत नाही. तू ते दिले आहेस. डाव्या कोपऱ्यात 7/30 असे लिहून उजवीकडे सही करतेस, तेव्हा तू एक दस्तऐवज करून देत असतेस, आणि सारी हयात नोंदणी कचेरीत काढलेला मी तुला सांगतो की, ज्या दस्तऐवजावर साक्षीदार नाही, शिक्का नाही, त्याची सगळी भिस्त करून देणाराच्या सचोटीवर असते. तुझ्या कपाटात आणखी किती कागद आहेत याची खातरजमा घेणाराने कोठे जाऊन करावी? आणि ज्या रेम्ब्रांटचा तू दाखला दिलास, त्याच्या पश्चात त्याच्या पत्र्यांचे काय झाले हे मला तुझ्याच पुस्तकात वाचायला मिळाले. 'शंभर गिल्डर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चित्राचा पत्रा अठराव्या शतकात बेली नावाच्या कॅप्टनच्या हाती पडला. त्याने झिजलेल्या रेषा आपल्या हाताने पुन्हा कोरल्या, त्यावरून ठसे काढून घेतले आणि शेवटी पत्र्याचे तुकडे केले. मेलेल्या माणसाला हे अडवता आले नाही. तुझा पत्रा तुझ्या घरात आहे.

वचनाची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी तांबे किती सोसणार? त्या चित्रातले तापलेले, करडे आकाश तू राळेची भुकटी पत्र्यावर बसवून, तिला खालून आच देऊन, मग आम्लात बुडवून उठवले होतेस; ते बारीक दाणे प्रत्येक वेळी शाई भरताना, जाळीच्या कापडाने ती पुसताना, शेवटचा हात तळव्याने फिरवताना आणि ओल्या कागदासह रुळाखालून दाबून निघताना झिजत जातात. पाण्याच्या कडेची ती मखमली काळी रेघ तर ड्रायपॉइंटची. सुईने उचकटलेली तांब्याची कोर शाई धरून ठेवते म्हणून तिला तो मऊपणा येतो, आणि दाबाखाली तीच कोर सर्वांत आधी चेपते. तिसाव्या ठशात ती रेघ फिकी पडू लागल्याचे तूच भिंग देऊन मला दाखवले होतेस. मग सत्तराव्या कागदावर काय उरेल? गोयाने 1799 साली 'कॅप्रिचोस'ची 80 चित्रे विक्रीस काढली आणि चार वर्षांनी ते पत्रे, न खपलेल्या 240 संचांसह, स्पेनच्या राजाच्या स्वाधीन केले. पुढे त्यांवरून आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत राहिल्या आणि उत्तरोत्तर त्यांतल्या छाया विरत गेल्या. त्या कागदांवर नाव गोयाचेच आहे.

तू चित्रकलेला जाणार म्हटल्यावर घरात जो वाद झाला, त्यात तुझ्या बाजूने मी एकटा बोललो होतो, हे तुला आईकडून कळलेच असेल. ज्या मिरजेत 1805 साली गंगाधरराव पटवर्धनांनी तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरवून छापून घेतली, त्या गावच्या मुलीने तांबे हाती धरले तर बिघडले काय, असे मी म्हणालो होतो. खरे कारण निराळे होते, आणि ते मी तेव्हा कोणालाच सांगितले नाही.

तुझे आजोबा, आमचे नाना, कोल्हापूरच्या एका शिळाप्रेसात दगडावर चित्रे काढीत. बव्हेरियातून आलेले ते जाड, पिवळसर करडे चुनखडीचे दगड, त्यांवर तेलकट खडूने उमटत जाणारी दमयंती किंवा एखाद्या नाटक कंपनीची जाहिरात मी शाळेतून येता येता खिडकीतून पाहत असे. ठरलेले कागद छापून झाले की, वाळू आणि पाणी घालून, एका दगडावर दुसरा दगड गोल गोल फिरवून ते स्वतः ते चित्र घासून काढीत; पुढच्या गिऱ्हाइकासाठी दगड कोरा हवा असे. नानांची फार इच्छा होती की, मी त्यांच्याजवळ बसावे आणि खडू धरायला शिकावे. "बसतोस का जरा?" असे ते विचारीत. मला इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत जायचे होते. प्रेस बंद पडल्यावर ते दगड कोणाच्या अंगणात, कोणाच्या न्हाणीत गेले, आणि नानांच्या हातचा एकही कागद आज आपल्या घरात नाही. तुझ्या नखांत पहिल्यांदा काळी शाई पाहिली, तेव्हा मला त्यांचे हात दिसले. माझे बोलणे तुझ्या बाजूने झाले ते एवढ्यासाठी.

इतके लिहून पत्र पुन्हा वाचले, तेव्हा ध्यानात आले की, मी फिरून फिरून पत्र्याबद्दलच विचारतो आहे, आणि तू खोलीचे भाडे कसे भरतेस हे एकदाही विचारलेले नाही. पगार नाही, डोक्यावर गॅलरी नाही, कागद परदेशी, आणि भाडेकरार वर्षावर्षाचा; अशा स्थितीत चाळीस ठशांचे रोख पैसे समोर ठेवले गेले, तर विचार पडणारच. तू मोहात पडलीस असे मी म्हणत नाही. तू एकटी पडलीस, ही माझी धास्ती आहे. त्या व्यापाऱ्याला घाटच हवा असेल, तर नवा पत्रा घे आणि सकाळचा घाट काढ. जुन्याच पत्र्यावर नव्या रेषा घालायच्या असतील, तर ही दुसरी अवस्था आहे असे उघड लिहून पुन्हा आकडे घाल, आणि पहिल्या तीस जणांना तसे कळव. चित्र पुष्कळांच्या घरी जायचे असेल, तर लिनोचा ठसा आहे. चित्रकार चित्तप्रसादांनी मुंबईत अंधेरीच्या खोलीत, हालात दिवस काढून, लिनोवरच केवढे काम करून ठेवले! तोवरच्या भाड्यासाठी, नानांच्या नावाने मी पोस्टात ठेवलेली रक्कम येत्या आठवड्यात तुला पोचेल. ती परत करायची नाही आणि तिचा हिशेबही ठेवायचा नाही.

फोनवर तू खोकत होतीस. नत्राम्लाच्या त्या तपकिरी वाफा बंद खोलीत घेऊ नकोस गं. तांब्याला फेरिक क्लोराईड चालते असे तूच म्हणाली होतीस, मग तेच वापर, आणि थंडी असली तरी खिडकी उघडी ठेव.

पत्रा खोडला असशील, तर प्रश्नच मिटला. नसशील, तर एकटीने खोडायला बसू नकोस. आपल्याच चित्रावर आडवी रेघ ओढताना हात जड होतो; दगड घासून झाला की नाना बराच वेळ कोणाशी बोलत नसत, आणि त्यांच्याजवळ कोणी नसे. मी रविवारी सकाळच्या गाडीने येतो. मामी डिंकाचे लाडू आणि मेतकूट देणार आहे. उत्तर लिहायला सवड झाली नाही तरी चालेल, रागावणार नाही. वेळेवर जेवत जा.

तुझा,
आप्पामामा